साड्यांखाली ठेवलेल्या कॅप्सूल

प्रश्न

ताई, मी मुलुंडला राहते, वय 51. माझे यजमान 57 वर्षांचे. मार्चमध्ये न्यूरोलॉजिस्टनी त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचं सांगितलं. नुसते बसलेले असले की उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी हलत राहतात. वास तर त्यांना सात-आठ वर्षांपासून येत नाही, घरात सुकट भाजली तरी पत्ता नसतो. पोट कायम जड. झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात. आम्ही ते हसण्यावारी नेलं. नोकरी भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात, त्यातली पहिली अकरा वर्षं प्लेटिंग खात्यात.

आमची मुलगी 20 वर्षांची, वजन 52 किलो. गालांवर इतके पिंपल्स की खड्डे पडायला लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन 20 ची रोज एक कॅप्सूल दिली. अडीच महिने झाले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, की पिंपल्सच्या औषधांनी मेंदूच्या पेशी मरतात आणि पुढे पार्किन्सन्स होतो. ह्यांनीही कॉलेजात असताना पिंपल्ससाठी वर्षभर कॅप्सूल घेतल्या होत्या. नाव आठवत नाही, पण 'दुधाबरोबर अजिबात घेऊ नकोस' असं डॉक्टरांनी बजावलेलं त्यांना पक्कं आठवतं. मी त्याच रात्री मुलीच्या कॅप्सूल उचलून कपाटात साड्यांखाली ठेवल्या. तीन आठवडे झाले, ती माझ्याशी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, 'मीच त्याला हाताला धरून त्या डॉक्टरकडे नेलं होतं,' आणि रडत बसतात. मी केलं ते चूक की बरोबर? ह्यांच्या चालू गोळ्यांची यादी शेवटी लिहिली आहे.

– एक आई, मुलुंड

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं, आणि दुसऱ्यांदा फक्त शेवटची गोळ्यांची यादी. त्या यादीकडे मी येणार आहे. खरं सांगते, तुमच्या प्रश्नापेक्षाही मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. पण आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते, म्हणजे आज रात्री तरी तुम्हाला झोप लागेल.

कॅप्सूल मुलीला परत द्या. आयसोट्रेटिनॉइनमुळे पार्किन्सन्स होतो असं आजवर कुणालाही दाखवता आलेलं नाही.

तुम्ही घाबरलात यात वेडेपणा काहीच नाही. एखादं रसायन धडधाकट माणसाला कंपवात देऊ शकतं, हे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. 1982 साली कॅलिफोर्नियात काही व्यसनी तरुणांना लाकडासारखं ताठ झालेल्या अवस्थेत इस्पितळात आणलं. हलता येईना, बोलता येईना. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी माग काढला तेव्हा कळलं, की हेरॉइनच्या जागी चोरून बनवलेली जी पूड त्यांनी टोचून घेतली होती, तिच्यात एमपीटीपी नावाचं द्रव्य होतं. मेंदूत डोपामिन, म्हणजे शरीराच्या हालचालींना लागणारं रसायन, तयार करणाऱ्या ज्या पेशी पार्किन्सन्समध्ये हळूहळू मरतात, नेमक्या त्याच पेशी या द्रव्याने काही दिवसांत मारल्या. तेव्हा 'औषधाने असं होऊ शकतं का' हा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर एकेका औषधापुरतं वेगळं शोधावं लागतं. सगळ्या पिंपल्सच्या गोळ्या एका पिशवीत घालून चालत नाही, आणि त्या व्हिडिओने नेमकं तेच केलेलं दिसतंय. तुमच्या मुलीचं औषध वेगळं आणि तुमच्या यजमानांचं वेगळं.

मुलीचं औषध 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं. अमेरिकेत त्याला 1982 सालीच मान्यता मिळाली. त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी ते आक्रसून टाकतं, आणि म्हणून दुसऱ्या कशालाच न जुमानणारे पिंपल्स याने आटोक्यात येतात. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात जे आम्ल बनतं ते मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींच्या घडणीतही लागतं. बहुधा हाच धागा उचलून व्हिडिओ रचला असावा. पण मेंदूत एखाद्या गोष्टीचं काम आहे म्हणजे तिच्यापासून मेंदूला धोका आहे, असं होत नाही. चाळीसहून जास्त वर्षं हे औषध जगभर दिलं जातंय आणि त्याच्याइतके बारकाईने दुष्परिणाम नोंदवलेली औषधं थोडी असतील. ते दुष्परिणाम हलके नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण औषधाच्या पत्रकातल्या त्या लांबलचक यादीत पार्किन्सन्स नाही.

आता यजमानांच्या कॅप्सूल. नाव आठवत नाही म्हणता, पण दुधाची ती एक आठवण मला पुरेशी आहे. मी 31 वर्षं परळच्या एका रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे उभी होते. 'दुधाबरोबर नको, दोन तास आधी किंवा नंतर' हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हटलं असेल त्याची गणती नाही, आणि पिंपल्सच्या औषधांत ते एकाच कुळातल्या अँटिबायोटिकसाठी म्हणायचे: टेट्रासायक्लीन. दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध पोटातून रक्तात उतरत नाही. त्या काळी पिंपल्ससाठी महिनोन्महिने तेच द्यायचे. आज त्याच कुळातल्या डॉक्सीसायक्लीन आणि मिनोसायक्लीन देतात.

याबाबतीत मात्र अभ्यास झालेले आहेत, आणि तुमच्यापासून मी काहीच लपवणार नाही. फिनलंडमध्ये 2020 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या जवळपास 14 हजार पार्किन्सन्स रुग्णांनी आधीच्या वर्षांत कुठली अँटिबायोटिक्स घेतली होती, ते निरोगी लोकांशी ताडून पाहिलं. काही अँटिबायोटिक्स घेणाऱ्यांमध्ये आजाराचं प्रमाण थोडं जास्त दिसलं आणि त्यांत टेट्रासायक्लीनचं कुळही होतं, निदानाच्या 10 ते 15 वर्षं आधी घेतलेलं. यामागे आतड्यातल्या जंतूंची घडी विस्कटत असेल, अशी अभ्यासकांची अटकळ. व्हिडिओवाला इथे थांबला असता तरी मी समजू शकले असते.

पण 2016 साली डेन्मार्कमधूनही एक अभ्यास आला होता. देशातल्या 50 लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. विषय होता रोझेशिया, म्हणजे गाल-नाक लाल होऊन पुरळ येण्याचा विकार. या विकाराच्या लोकांमध्ये पार्किन्सन्स जास्त आढळला, पण टेट्रासायक्लीन घेतलेल्यांत त्याचं प्रमाण किंचित कमी दिसलं. कमी! उत्तर युरोपातले दोन देश, दोन्हीकडच्या नोंदी चोख, आणि काटा एकीकडे इकडे तर दुसरीकडे तिकडे. औषध खरोखर घातक असतं तर बहुधा असं झालं नसतं. आणि पार्किन्सन्स निदानाच्या कितीतरी वर्षं आधी आतड्यात आणि त्वचेत डोकावतो. बद्धकोष्ठ होतं, चेहरा तेलकट होतो, भुवयांत कोंडा धरतो. अशा तक्रारींसाठी माणूस डॉक्टरकडे जातो, औषध घेतो, आणि मागाहून हिशोब मांडणाऱ्याला वाटतं की औषध आधी आणि आजार नंतर.

अजून एक गोष्ट तुमच्या सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवा. याच कुळातलं मिनोसायक्लीन पार्किन्सन्सच्या रुग्णांना *उपचार* म्हणून देऊन पाहिलेलं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 200 रुग्णांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. डोपामिनच्या पेशी त्याने वाचतील अशी आशा होती. ती फळाला आली नाही, मिनोसायक्लीन काही पार्किन्सन्सचं औषध ठरलं नाही. पण विचार करा, ज्या औषधाने पेशी वाचतील असं मेंदूच्या डॉक्टरांना वाटत होतं, त्याच कुळातलं औषध एका आईने 35 वर्षांपूर्वी मुलाला दिलं म्हणून ती आज रडते आहे.

मग पुरावा कशाला म्हणायचं? तुम्ही ओघात लिहिलेलं ते प्लेटिंग खातं मला इथे आठवलं. मुलामा देण्याआधी धातूचे भाग ग्रीस काढून स्वच्छ करावे लागतात, आणि कित्येक कारखान्यांत त्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन नावाचा द्रव वापरत. अमेरिकेत कॅम्प लेजून नावाच्या लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात हा द्रव मिसळला होता. तिथे राहिलेल्या सैनिकांची दुसऱ्या तळावरच्या सैनिकांशी तुलना 2023 साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्यात पार्किन्सन्सचा धोका 70 टक्के जास्त निघाला. शेतातल्या पॅराक्वाट या तणनाशकाबद्दलही अशीच गंभीर शंका आहे. तुमच्या यजमानांच्या खात्यात काय वापरत होते ते मला ठाऊक नाही. त्यांना विचारा, आठवलं तर न्यूरोलॉजिस्टना सांगा. पण कृपा करून हा नवा आरोपी म्हणून घरात आणू नका. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत 'हे यामुळेच झालं' असं एक बोट कुठेच ठेवता येत नाही. वय, घडण, हवा-पाणी, सगळं थोडं थोडं मिळून होतं.

आता ती यादी.

तिसऱ्या ओळीवर तुम्ही लिहिलंय: 'ॲसिडिटीची कॅप्सूल, पॅन्टोप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड, सकाळी उपाशीपोटी, दोन वर्षांपासून.' आणि पाचव्या ओळीवर: 'चक्कर आली तर सिनारिझिन.' ताई, पिंपल्सच्या 35 वर्षांपूर्वीच्या कॅप्सूलमागे सगळं घर लागलं आहे, आणि ज्या दोन औषधांनी हात-पाय खरोखर आखडू शकतात ती रोज तुमच्या डब्यात आहेत.

लेव्होसल्पिराइड पोटाची हालचाल वाढवतं म्हणून ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये घालतात. पण ते मेंदूत डोपामिनची वाट अडवतं. पार्किन्सन्समध्ये मुळात डोपामिन कमी, न्यूरोलॉजिस्टनी ते भरून काढायला लेव्होडोपा दिलेलं, आणि त्याच सकाळी दुसरी कॅप्सूल दाराला कडी लावते आहे. चक्करेसाठीचं सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड ही सगळी याच वाटेची औषधं. निरोगी माणसालाही ती महिनोन्महिने दिली तर पार्किन्सन्ससारखा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. औषध बंद केलं की काही आठवड्यांत, काही महिन्यांत तो बहुधा ओसरतो. वयस्कर माणसांत हे फार होतं, कारण ॲसिडिटीची कॅप्सूल कुणी औषधात धरतच नाही. मेडिकलमधून पाकीट आणायचं, संपलं की रिकामं पाकीट दाखवून पुन्हा आणायचं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या सख्ख्या भावाला, दादाला, कंपवात होता. आयुष्य औषधांत घालवलेली मी, आणि माझ्याच घरात ही कॅप्सूल आठ महिने चालू होती. गिरगावातल्या एका डॉक्टरांनी ढेकरांसाठी लिहून दिली होती. दादा दिवसेंदिवस ताठ होत चालला, खुर्चीतून उठायला दोघं लागायची, आणि आम्ही समजत होतो की आजार वाढला. लेव्होडोपाचा डोस दोनदा वाढवला. एका रविवारी वहिनी गावाला गेली म्हणून आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मी भरायला बसले. पाकिटाच्या मागची चंदेरी बाजू उजेडात धरली आणि पॅन्टोप्राझोलच्या खालची दुसरी ओळ वाचली. माझ्या हातून पाकीट खाली पडलं. कॅप्सूल बदलल्यावर दोन महिन्यांनी दादाने स्वतःच्या सदऱ्याची बटणं स्वतः लावली. आजार होता तो राहिलाच, पण त्याच्यावर आम्ही आमच्या हाताने चढवलेलं ओझं उतरलं.

म्हणून याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना गाठा. यादी नको, पाकिटंच घेऊन जा, म्हणजे त्यांना स्वतः वाचता येतील. विचारा, 'लेव्होसल्पिराइड आणि सिनारिझिन यांना चालेल का? मळमळीसाठी दुसरं काय देता येईल?' डॉम्पेरिडोन हे एक आहे, ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाचा विचार करून ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. निदानाबद्दलच शंका आली तर ट्रोडॅट नावाचा एक स्कॅन असतो, त्यावरून औषधाने आलेला कंप आणि खरा पार्किन्सन्स यांतला फरक बराचसा कळतो. तुम्ही वास जाण्याबद्दल आणि झोपेत झाडल्या जाणाऱ्या हातपायांबद्दल लिहिलंत, त्यावरून मला आजार खराच असावा असं वाटतं. या दोन खुणा असल्या औषधांनी सहसा येत नाहीत, त्या पार्किन्सन्सच्या फार आधीच्या खुणा आहेत. पण त्याच्यावर औषधाची भर पडली असेल तर ती काढता येते, आणि ते थोडं नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा: लेव्होडोपाची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका. त्याने माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

आता मुलीकडे वळते. तुम्ही तिच्या कॅप्सूल लपवल्यात त्यामागे माया होती हे मला कळतं, तिलाही कधीतरी कळेल. पण तिच्या बाजूने बघा. मी लोकलच्या लेडीज डब्यात वर्षानुवर्षं प्रवास केला. तिन्ही त्रिकाळ ओढणीने तोंड झाकून कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुली पाहिल्या आहेत, आणि माझ्या खिडकीशी येऊन 'काकू, हे डाग जातील ना?' असं हळू आवाजात विचारणाऱ्याही. गालावर पडलेला खड्डा आयुष्यभर राहतो. पिंपल्स म्हणजे नखरा नव्हे. अडीच महिन्यांत तिने 75 कॅप्सूल घेतल्या, म्हणजे 1500 मिलिग्रॅम. या औषधाचा पूर्ण कोर्स साधारण किलोमागे 120 मिलिग्रॅम धरतात. तिच्या वजनाला ते 6240 मिलिग्रॅम होतात, म्हणजे रोज एक याप्रमाणे 312 दिवस. जेमतेम पाव वाट चालून झाली आणि गाडी थांबली. तीन आठवड्यांच्या खंडाने नुकसान झालेलं नाही, पण डॉक्टरांना तो सांगा आणि पुन्हा कसं सुरू करायचं ते त्यांनाच विचारा. कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची. जेवणात थोडं तूप-तेल असलं की ती नीट अंगी लागते, डाएटच्या नादात नुसत्या काकडीवर घेतली तर फुकट जाते.

आणि घाबरायचंच असेल तर खऱ्या गोष्टींना घाबरा. पहिली गोष्ट आपल्याकडे आया मुलींशी बोलत नाहीत म्हणून मी इथे उघड लिहिते. हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि त्यासाठी थोड्या दिवसांचं औषधही पुरतं. मुलगी 20 वर्षांची आहे. 'आमच्या घरात असलं काही नाही' म्हणून विषय टाळू नका. तिला एकटीला डॉक्टरांशी बोलायला पाच मिनिटं द्या आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. याच कारणाने त्या काळात रक्तदानही करायचं नाही. कॉलेजात शिबिर लागलं तर तिने नाही म्हणायला हवं.

दुसरी गोष्ट खास आपल्या मुंबईच्या पावसाळ्याची. गुडघाभर पाण्यातून चालून घरी आलं की लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लीन घ्यायला सांगतात, पालिकेच्या दवाखान्यात ते मिळतं. एरवी ते योग्यच. पण आयसोट्रेटिनॉइन चालू असताना टेट्रासायक्लीनच्या कुळातलं काही घेतलं, तर डोक्यातला दाब वाढू शकतो. जोराची डोकेदुखी, उलट्या, नजर धूसर होणं ही त्याची लक्षणं. मुलीने दवाखान्यात 'मला आयसोट्रेटिनॉइन चालू आहे' हे वाक्य आधी म्हणायचं, मग डॉक्टर दुसरं काही देतील. पाहा, दोन्ही औषधं पिंपल्सचीच, पण एकत्र आली तर धोका, आणि हा धोका त्या व्हिडिओत नव्हता.

बाकी ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील, अंग दुखेल. वॅक्सिंग नको, कातडी सोलून निघते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांत 'अ' असेल तर त्या नकोत. यकृत आणि चरबीच्या रक्तचाचण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करायच्या. मनावर लक्ष ठेवा. काही मुलांमध्ये उदासी दिसली आहे, आणि तुमच्या लेकीला तर वडिलांच्या आजाराचंही दुःख आहे. ती बोलत नाही ती रागामुळेच, असं धरून चालू नका. झोप उडाली, जेवण सुटलं, 'जगून काय' असं काही ओठांवर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि औषध काढून घेतलेल्या मुली काय करतात तेही मी पाहिलं आहे. पार्लरमधलं, रेल्वे स्टेशनबाहेरचं, मैत्रिणीने दिलेलं बिननावाचं क्रीम चोरून लावतात. त्यात स्टिरॉइड असलं तर आठवडाभर चेहरा उजळतो आणि मग दुप्पट पुरळ. पारा असला तर गोष्ट आणखी वाईट. कायद्याने चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा दशलक्षात 1 भागाहून जास्त असता कामा नये, आणि गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये तो हजारो पटींनी जास्त सापडलेला आहे. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडली, त्याचा छडा मुंबईत केईएममध्ये लागला. आणि पाऱ्याने हात कापतात, हे वैद्यकात शेकडो वर्षं माहीत आहे. तुम्हाला ज्या कंपाची भीती वाटते तो चेहऱ्याच्या औषधातून यायचा असेल, तर तो अशा डबीतून येईल. एकदा तिचं ड्रॉवर तिच्यासमोर, तिला विचारून, बघा.

सासूबाईंसाठी एक काम सांगते. दादाच्या निदानानंतर वहिनी फळीवर अंथरायला जुनी कॅलेंडरं काढत होती. दादा रोजच्या दुधाचा हिशोब त्या चौकटींत लिहायचा. 'दीड लि.', 'दीड लि.', रोज तेच दोन शब्द. आम्ही सहा वर्षांची कॅलेंडरं जमिनीवर ओळीने मांडली. पहिल्या वर्षीचं अक्षर चौकटभर, टपोरं. मग जरा बारीक. निदानाच्या चार वर्षं आधीच्या श्रावणात ते मुंगीएवढं झालं होतं, आणि आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, रोज त्याच भिंतीसमोर बसून. तुमच्या यजमानांच्याही जुन्या डायऱ्या, पासबुकाच्या स्लिपा, काहीतरी घरात असेल. सासूबाईंना घेऊन बसा आणि ते अक्षर बघा. आजार कसा दबक्या पावलांनी येतो ते त्यांना दिसेल. तो त्यांच्या बोटाला धरून आलेला नाही.

मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था 2001 पासून काम करते. तिचे आधारगट आहेत, तिथे व्यायाम घेतात, आणि घरच्या माणसांनाही बोलायला जागा मिळते. यजमानांच्या आधी तुम्ही एकट्या जाऊन आलात तरी चालेल.

कॅप्सूल देताना पाकिटावरची तारीख बघून घ्या, आणि कपाटात ओल नव्हती ना तेही. 'चुकले' एवढं म्हणा, स्पष्टीकरण नंतर. मग न्यूरोलॉजिस्टकडे जाल तेव्हा तिलाही सोबत न्या. वीस वर्षांच्या मुलीने वडिलांचा हात हलताना पाहिला की 'मलाही होईल का' हे तिच्या मनात येतंच. घरात सगळे व्हिडिओवर भांडत असताना तिला ते विचारायला जागा मिळाली नसेल. दहा रुग्णांमागे साधारण एकाच्या घरात आधी कुणाला तरी हा आजार झालेला असतो, बाकीच्यांच्या घरात नाही. तुमच्या कुटुंबापुरतं उत्तर डॉक्टर देतील. पण प्रश्न तिने स्वतःच्या तोंडाने विचारू दे, आणि तेव्हा तिच्या वडिलांनाही तिथेच बसू द्या.